फोन दुरुस्तीला ठेवून जाणारा माणूस

(छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. म्हटलं, मोबाइलच्या व्यसनावर बोलायला डॉक्टर बोलवा, कॉलेजचे सायकॉलॉजीचे सर बोलवा. मी तर मोबाइल दुरुस्त करणारा माणूस. तुम्ही फोन जितका वापराल तितका तो लवकर बिघडणार आणि माझ्याकडे येणार. माझ्या घरातली चूल त्यावर पेटते. मी इथे येऊन फोन कमी वापरा म्हणणं म्हणजे पानटपरीवाल्याने तंबाखूविरोधी दिन साजरा करण्यासारखं आहे. पण बोलवणारे म्हणाले, भाई, डॉक्टरसमोर माणूस येतो तेव्हा फोन त्याच्या खिशात असतो. फोन ठेवून निघालेला माणूस फक्त तुम्हीच रोज बघता.

हे खरं आहे. पैठण गेटला मोबाइलच्या दुकानांची जी गर्दी आहे, तिच्यात एका बोळात माझं छोटं दुकान आहे. वीस वर्षं झाली. बटनाच्या फोनचे कीपॅड बदलण्यापासून सुरुवात केली, आता दिवसभर फोल्डर बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं, पाण्यात पडलेले फोन जिवंत करणं चालतं. गिऱ्हाइकाला सांगतो, "दोन तासांनी या." मग तो काय करतो ते बघण्यासारखं असतं. दुकानाची पायरी उतरायच्या आत हात खिशाकडे जातो. खिसा रिकामा. चेहऱ्यावर क्षणभर धस्स होतं. मग आठवतं. गुलमंडीपर्यंत जातो आणि परत येतो. "झाला का?" दहा मिनिटं झालेली असतात. काही जण तर जातच नाहीत, समोरच्या ओट्यावर बसून राहतात, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघत. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात ना, तसे.

यातला एक मुलगा मी विसरू शकत नाही. अकरावी-बारावीचा असेल, क्लासला जाणारा. फोल्डर गेलं होतं, आणि त्या मॉडेलचं फोल्डर माझ्याकडे नव्हतं, मुंबईहून यायला दोन दिवस लागणार होते. पहिल्याच दिवशी तो सात वेळा आला. चौथ्या-पाचव्या वेळेला मी जरा चिडूनच विचारलं, "अरे बेटा, असं काय काम अडलंय?" म्हणाला, "काम काही नाही अंकल, कुणी मेसेज केला असेल तर?" अशा वेळेसाठी मी दोन साधे बटनाचे फोन ठेवलेले आहेत. त्याचं सिम त्यात घालून दिलं. म्हटलं, ज्याला खरंच गरज असेल तो फोन करेल की. त्याने फोन हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि हळूच म्हणाला, "अंकल, मला कुणी फोन करत नाही."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या दिवसापासून या भीतीकडे बघण्याची माझी नजर बदलली. तोवर मला वाटायचं, ही आजची पोरं लाडावलेली आहेत. त्या मुलाला आपला फोन येणार नाही याची खात्री होती. आपण नसताना बाकी सगळे एकत्र असतील आणि आपली आठवणही निघणार नाही, या विचाराने तो घाबरला होता. फोन हातात असला की निदान बघता तरी येतं, कोण कुठे आहे, काय चाललंय.

या भीतीला एक नाव आहे, नोमोफोबिया. नो मोबाइल फोन फोबिया, त्याचं छोटं रूप. हे नाव २००८ मध्ये ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने करून घेतलेल्या पाहणीतून पुढे आलं. दोन हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणाले की फोन हरवला, बॅटरी संपली किंवा रेंज गेली की आम्ही अस्वस्थ होतो. साल लक्षात घ्या. पहिला आयफोन आला २००७ मध्ये. म्हणजे तेव्हा बहुतेकांच्या हातात बटनाचेच फोन होते. रील नव्हती, स्टेटस नव्हता, तरी ही भीती होती. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी ही भीती मोजायला वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. त्यांनी भीतीचे चार भाग केले. कुणाशी बोलता येणार नाही. सगळ्यांशी असलेला संबंध तुटेल. हवी ती माहिती मिळणार नाही. आणि चौथा भाग, फोनमुळे झालेली सोय जाईल. मी हे वाचलं तेव्हा हसलो, कारण हे चारही लोक माझ्या काउंटरवर रोज उभे असतात. तो मुलगा दुसऱ्यातला.

पण एक गोष्ट त्या प्रश्नावलीत मला सापडत नाही, आणि ती आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाने सांगायला हवी. माझ्याकडे डिलिव्हरी करणारी मुलं येतात. फोन बंद पडला की त्यांची त्या दिवसाची कमाई बंद. त्यांचा प्रश्न एकच, "भाई, किती वेळ?" रिक्षावाले येतात, भाडं यूपीआयवर घेणारे. एखादी खाला येते, तिच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि योजनेचे पैसे जमा झाले की नाही ते त्याशिवाय कळत नाही. या लोकांच्या भीतीला मी आजार म्हणणार नाही. पैसे, कागदपत्रं, नोकरी, घरच्यांचे नंबर, हे सगळं आपण एका काचेच्या तुकड्यात भरून ठेवलंय. काच फुटली की माणूस घाबरणारच. या अर्ध्या भीतीवर उपाय अगदी साधा आहे, पण कुणी करत नाही. चार-पाच नंबर पाठ करा, किंवा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. थोडी रोकड जवळ ठेवा. फोटोंची आणि कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणांना आपल्या आईचा नंबर सांगता येत नाही. तुम्हीही आता मनातल्या मनात म्हणून बघा. जमला? बघा, इथेच हसू आलं.

राहिली दुसरी अर्धी भीती, त्या मुलाची. ती आपोआप येत नाही, ती तयार केली जाते. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, खाली "पुढचे पान" असं बटन असायचं. पान संपलं की क्षणभर माणूस थांबायचा आणि त्या क्षणात उठायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने कधीच न संपणारं पान तयार केलं, बोट वर सरकवत राहा, खाली येतच राहतं. थांबण्याची जागाच काढून टाकली. नंतर त्याच माणसाने जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग तर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ठरावीक चोचींनंतर दाणा दिला तर कबुतर आरामात चोच मारतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल तर मारतच सुटतं. आपण फोन उघडतो तेव्हा दहा वेळा काहीच नसतं आणि अकराव्या वेळी असतं. त्या अकराव्यासाठी आपली चोच चालू राहते.

आता सगळ्यांनी फोन काढा. काढा, मीच सांगतोय. सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, आयफोनवाल्यांकडे स्क्रीन टाइम. त्यात काल किती तास झाले ते आहे, आणि फोन किती वेळा उघडला तेही आहे. मला तासांपेक्षा तो दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तास कामाचेही असू शकतात, पण दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा उघडण्याइतकं काम कुणालाच नसतं. माझा स्वतःचा आकडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा १३६ होता. कुणाला दाखवू नका. बघा आणि आत ठेवा.

मी "व्यसन" हा शब्द जपून वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली, पण मोबाइलचं व्यसन असा वेगळा आजार त्या यादीत नाही. म्हणून कुणालाही उठून व्यसनी म्हणू नका. पण झोप उडाली असेल, अभ्यास-काम सुटलं असेल, फोन काढून घेतला की घरात आदळआपट होत असेल, तर मदत घ्यायला लाजू नका. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. तेवढं लांब जायचीही गरज नाही, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. हो, त्यासाठीसुद्धा फोनच लागतो!

आणि बहिणींसमोर एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या घरात मोबाइलच्या व्यसनाची चर्चा निघाली की पहिला फोन जप्त होतो मुलीचा. मुलगा रात्री एक वाजेपर्यंत चौकात मान खाली घालून बसलेला असतो, त्याला कुणी विचारत नाही. लॉकडाऊनमध्ये घरात फोन एक आणि ऑनलाइन शिकणारी मुलं तीन, अशा किती घरांत मुलीचा नंबर शेवटी लागला, हे इथे बसलेल्यांनाच विचारा. फॉर्म भरणं, निकाल बघणं, मैत्रिणीला नोट्स मागणं, कितीतरी मुलींना बाहेरचं जग त्या फोनमधूनच मिळतं. व्यसनाच्या नावाखाली ते बंद करू नका. मी आज जे सांगणार आहे ते घरातल्या सगळ्यांसाठी आहे, अब्बूंपासून सुरू.

अब्बू म्हणजे मी. माझी अम्मी शेवटची दोन वर्षं घरातच असायची, गुडघ्यांमुळे. संध्याकाळी दुकानातून आलो की तिच्या पलंगाशेजारी बसायचो. मला वाटायचं, आपण वेळ देतोय. ती बोलायची, मी "हां अम्मी, हां अम्मी" करायचो, डोळे स्क्रीनवर. एकदा मी बाहेरच्या खोलीत होतो, फोन वाजला, माझ्या मुलाचा नंबर. उचलला तर अम्मीचा आवाज. आतल्या खोलीतून, दहा पावलांवरून. मी म्हटलं, "अम्मी, आवाज द्यायचा ना, फोन कशाला?" ती म्हणाली, "समोर बसून बोलते तेव्हा तू ऐकत नाहीस. फोन आला की लगेच उचलतोस." रागाने नाही, अगदी साधेपणाने, सोय सांगावी तशी. तिला फक्त पाणी हवं होतं. त्यानंतरही मी लगेच सुधारलो असं नाही. अम्मी गेल्यावर मला आठवायला लागलं की ती लहानपणाबद्दल, खुलताबादच्या तिच्या माहेराबद्दल, खूप काही सांगत होती. काय सांगत होती ते आठवत नाही. मी तिथेच होतो, तरी माझ्याकडे त्यातलं काहीच नाही.

टेक्सास युनिव्हर्सिटीत २०१७ मध्ये सुमारे आठशे लोकांवर प्रयोग झाला होता. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे सायलेंट. मग डोकं चालवायला लावणारी कामं दिली. दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांनी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगली केली. नंतर काहींनी तसाच प्रयोग केला, त्यांना तोच निकाल मिळाला नाही, म्हणून मी त्याची शपथ घेणार नाही. पण अम्मीच्या पलंगाशेजारचा माझा निकाल मला माहीत आहे.

एकट्याने ठरवून होत नाही, हे मी करून बघितलंय. अ‍ॅप काढलं, पुन्हा टाकलं. फोन कपाटात ठेवला, अर्ध्या तासाने कपाटाजवळच जाऊन उभा. कारण भीती ही की बाकी सगळे तिथे आहेत आणि मी नाही. मग सगळेच एका वेळी उठले तर? हा विचार माझा नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा आहे. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. लॉकडाऊननंतर शाळा सुरू झाल्या, पण मुलं फोन सोडेनात आणि मोठी माणसं टीव्ही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बायकांच्या सभेत विषय निघाला. विजय मोहिते सरपंच होते. मंदिरावर भोंगा बसवला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो, चालू. त्या दीड तासात अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघरी फिरून समजावत होते. आपल्या मराठवाड्यातही उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने संध्याकाळचे दोन तास असेच ठरवले. त्याच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने वेगळा ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी. हेतू चांगलाच असेल, पण मला वडगावची रीत पटते. बंदी फक्त पोरांवर असली की पोरं ओळखतात, अब्बांचं चालू आहे.

वडगावची बातमी वाचली आणि मला वाटलं, आपल्याला भोंगा विकत घ्यायची गरज काय? मगरिबची अजान होते आणि सव्वा-दीड तासाने इशाची होते. वेळ तेवढाच. आमच्या गल्लीत रमजान संपल्यावर आम्ही अकरा घरांनी ठरवलं, मगरिबपासून इशापर्यंत सगळे फोन घरात एका जागी, आवाज चालू ठेवून. लोकांची पहिली शंका हीच होती, कुणाची मय्यत झाली, कुणी दवाखान्यात गेलं तर? म्हणून फोन वाजला तर उठून घ्यायचा, उभ्याने बोलायचं, ठेवून परत यायचं. मेसेज बघायचे नाहीत.

पहिला आठवडा फार छान गेला असं सांगायला मला आवडलं असतं. पहिल्या आठवड्यात भांडणं वाढली. दोन घरांत नवरा-बायकोला कळलं की महिनोन्‌महिने फीचा विषय बोललाच गेला नव्हता, तो बोलला गेला आणि चांगलाच पेटला. मुलं कंटाळली. एका घरात तर एकमेकांची तोंडं बघत बसले. दुसऱ्या आठवड्यात क्रिकेट आलं आणि निम्मी घरं गळाली. तिसऱ्या आठवड्यात मी पकडला गेलो. गिऱ्हाइकाचा मेसेज बघायच्या निमित्ताने उठलो आणि दहा मिनिटं तिथेच उभा राहिलो. माझा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, "अब्बू, आपका नियम." त्या दिवशी त्याने मला जे बघितलं, ते मला अजून टोचतं. चार घरं उरली.

ही चार का टिकली, यावर मी बराच विचार केला. त्या घरांत त्या वेळेत करायला काहीतरी होतं. एका घरात कॅरम, एका घरात शिवणाची मशीन, माझ्या घरात माझी मुलगी मोहल्ला वाचनालयातून पुस्तकं आणते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, आपल्याच शहरात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने जानेवारी २०२१ मध्ये, लॉकडाऊनमुळे मुलं फोनला चिकटलेली असताना, घरची पुस्तकं काढून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी पुस्तकांच्या धंद्यातले, त्यांनी साथ दिली. बघता बघता तीसेक मोहल्ल्यांत अशी वाचनालयं झाली. तिने मुलांच्या हातात आधी पुस्तक दिलं. आम्ही आधी फोन काढून घेतला आणि हात रिकामे ठेवले. आमची चूक ती होती. आता आम्ही पुन्हा जमवतोय, सध्या सहा घरं आहेत. सातव्या घरातला मुलगा येतो, त्याचे आई-वडील येत नाहीत.

आणि तो फोल्डरवाला मुलगा. दोन दिवसांनी फोन घ्यायला आला. चालू केला, धडाधड नोटिफिकेशन आली, मी मुद्दाम बघत होतो. तो वर-खाली करत राहिला. मी विचारलं, "कुणी शोधलं का?" म्हणाला, "ग्रुपवर दोनशे मेसेज आहेत." मी पुन्हा विचारलं, "तुला कुणी शोधलं का?" त्याने मान हलवली, नाही. पैसे दिले आणि गेला. महिन्याभराने मी त्याला उगाच फोन केला, नंबर होताच. दचकला तो, "अंकल, काही राहिलं का माझं?" म्हटलं, काही नाही, कसा आहेस? चार मिनिटं बोललो. आता अधूनमधून तोही करतो. दुकानात येऊन बसतो, स्क्रू हरवतो, शिव्या खातो.

मगरिबला पंचवीस मिनिटं उरलीत, आणि माझा फोन घरी ठेवायचाय. प्रश्न असतील ते पटापट विचारा. ज्यांचे फोन माझ्याकडे दुरुस्तीला आहेत ते इथे तिघे मला दिसतायत. उद्या अकरानंतर या, त्याआधी येऊ नका.